टेबलावर सगळंच चालतं! आरसी विमानात रिसीव्हरची अँटेना कशी बसवायची आणि त्याचे पैसे का लावायचे



या आठवड्याच्या व्हिडिओत फोमच्या ट्रेनर विमानात रिसीव्हरची अँटेना बसवून दाखवली आहे. व्हिडिओत हात दिसतात, पण मापं आणि कारणं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून ती इथे लिहून देतोय. हॉबीचं दुकान चालवणारे, मोबाइल रिपेअरिंगसोबत आरसीची कामं घेणारे आणि प्रोजेक्टसाठी विमान बनवणारे विद्यार्थी, तिघांनाही उपयोग होईल.

आधी माझीच चूक सांगतो.

काउंटरवर परत आलेलं विमान

बारामतीच्या विमानतळावरून पायलट ट्रेनिंगची छोटी विमानं उडतात. ती बघत मोठी झालेली पोरं दुकानात येतात आणि पहिला प्रश्न असतो, "दादा, किती लांब जाईल?" इंदापूर तालुक्यातला असाच एक विद्यार्थी. प्रोजेक्टसाठी त्याने फोमचं विमान घेतलं आणि जोडणी आमच्याकडे दिली. मोटर, ईएससी, चार सर्व्हो, रिसीव्हर, सगळं बसवलं. टेबलावर रिमोट हलवून दाखवला. रडर हललं, एलेव्हेटर हललं, मोटर फिरली. पैसे घेतले, विमान दिलं.

पहिल्या दोन फ्लाइट छान झाल्या. तिसऱ्या वेळी विमान जरा लांब गेलं, वळलं, शेपूट पोराकडे झालं आणि रिमोट ऐकेनासं झालं. मोटर मात्र चालूच. विमान सरळ जात राहिलं आणि उभ्या उसात पडलं. दोन दिवस शोधलं. पात्यांनी हात कापून घेतले, विमान काही सापडलं नाही.

त्याचे वडील दुकानात आले. भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही तपासून दिलं होतं ना?" मी म्हणालो, "हो काका." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

विमान सापडलं ऊसतोडीला. टोळीतल्या एका मावशींनी बांधावर काढून ठेवलं होतं. पोराने ते आणून काउंटरवर ठेवलं. मी झाकण उघडलं. रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना एकत्र दुमडून पंखाच्या कार्बन नळीला सेलोटेपने चिकटवलेल्या होत्या. चिकटवणारा मीच.

टेबलावर रिमोट आणि विमान यांच्यात तीन फूट अंतर असतं. तीन फुटांवर कशीही बसवलेली अँटेना चालते. म्हणजे मी तपासलं होतं, पण जे तपासायला हवं होतं ते नाही.

अँटेना म्हणजे नेमकी किती तार?

आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरीची लांबी साधारण १२५ मिलिमीटर. तिचा पाव भाग म्हणजे साधारण ३१ मिलिमीटर. रिसीव्हरमधून निघणारी तार लांब दिसते, पण खरी अँटेना म्हणजे टोकाचा हा ३१ मिलिमीटरचा बारीक तुकडा. त्याच्या आधीचा जाड भाग आतून जाळी असलेली कोॲक्स केबल असते. ती फक्त सिग्नल आत घेऊन जाते.

यातून तीन गोष्टी ठरतात:

- टोकाचा तुकडा कधीही कापायचा नाही, दुमडायचा नाही, गुंडाळायचा नाही. लांबी बदलली की काम बिघडतं.
- जाड केबल उरली तर मोठ्या सैल वळणात ठेवली तरी चालते. पण काटकोनात मुडपू नका, आतली तार तुटते.
- जुन्या ७२ मेगाहर्ट्झच्या सेटला सुमारे एक मीटर तार असायची आणि ती शेपटापर्यंत ताणून न्यायची. जुन्या पुस्तकातली ती पद्धत २.४ ला लावू नका.

टोकाजवळ काय नको?

फोम, थर्माकोल, बाल्सा लाकूड, साधं प्लास्टिक यांतून लहर आरपार जाते. त्यामुळे अशा विमानात अँटेना आत असली तरी चालते. अडवतं ते धातू आणि कार्बन फायबर. कार्बनची नळी हातात हलकी लागते, प्लास्टिकसारखी वाटते, पण ती वीज वाहून नेते. अँटेनासाठी ती लोखंडी गजासारखीच. मी नेमका तिथेच फसलो.

टोकापासून लांब ठेवायच्या वस्तू: बॅटरी, ईएससी, मोटरच्या तीन वायरी, सर्व्होच्या वायरींचा गुच्छ, स्टीलचे पुशरॉड, कार्बनची नळी किंवा पट्टी. जितकं लांब ठेवता येईल तितकं बरं. निदान चार बोटं अंतर मिळेल अशी जागा शोधा.

दोन अँटेना कशासाठी?

फ्लायस्कायच्या एफएस-आयए६बी सारख्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात. एक तुटली तर दुसरी, असा बऱ्याच जणांचा समज आहे. खरं कारण वेगळं आहे. सरळ तारेची अँटेना बाजूने चांगलं ऐकते, टोकाच्या दिशेने जवळजवळ बहिरी असते. विमान वळलं, कलंडलं की एका अँटेनाचं टोक रिमोटकडे होऊ शकतं. त्या क्षणी दुसरीने ऐकायचं असतं. म्हणून दोघी एकमेकींना काटकोनात हव्यात. दोन्ही एकत्र चिकटवल्या की दोघी एकाच वेळी बहिऱ्या होतात. पोराचं विमान वळल्यावरच का गेलं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हेच रिमोटच्या अँटेनालाही लागू. तिचं टोक विमानाकडे रोखून उडवू नका. अँटेनाची बाजू विमानाकडे राहील अशी वळवून घ्या.

बसवायची पद्धत

१. आधी बॅटरी आणि ईएससीची जागा पक्की करा. रिसीव्हर त्यांच्यापासून मागे, पातळ फोमच्या तुकड्यावर वेल्क्रोने बसवा.

२. कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉचे दोन तुकडे कापा. एक बॉडीच्या आतल्या बाजूला आडवा चिकटवा, दुसरा उभा. दोघांत ९० अंशांचा कोन हवा. स्ट्रॉ फोमला चिकटवा, गरम ग्लू थेट अँटेनाच्या टोकावर टाकू नका.

३. प्रत्येक स्ट्रॉमध्ये एक अँटेना सरकवा. टोकाचा ३१ मिलिमीटरचा भाग पूर्ण सरळ राहिला पाहिजे.

४. जाड केबल जिथे स्ट्रॉमध्ये शिरते तिथे टेपचा छोटा तुकडा लावा. लँडिंगच्या धक्क्याने ती बाहेर यायला नको. केबल टाय आवळून बांधू नका.

५. अँटेना बदलायची असेल तर त्याच प्रकारची, त्याच लांबीची घ्या. बोर्डवरचा गोल कनेक्टर फार नाजूक असतो. वरून सरळ दाबून बसवा, बाजूने ओढू नका. सारखा काढ-घाल केला की तो सैल पडतो.

६. झाकण लावण्याआधी आतला फोटो काढा. हा फोटो पुढे कामाला येणार आहे.

एकच अँटेना असलेला रिसीव्हर असेल तर टोक उभं ठेवा आणि वर सांगितलेल्या वस्तूंपासून दूर ठेवा.

फेलसेफ विसरू नका

सिग्नल गेल्यावर विमानाने काय करायचं, हे आधी सांगून ठेवणं म्हणजे फेलसेफ. काही रिसीव्हर सेट न केल्यास शेवटची स्थिती तशीच धरून ठेवतात. म्हणून त्या दिवशी मोटर चालू राहिली. सिग्नल गेला की थ्रॉटल शून्य, हे सेट करा. मग पंखा काढून रिमोट बंद करून बघा. मोटर थांबली पाहिजे. फेलसेफने विमान वाचेलच असं नाही, पण ते मोटर चालू ठेवून कुणाच्या अंगावर किंवा रस्त्यावर जाणार नाही.

रेंज टेस्ट गिऱ्हाइकासमोर

हा आजच्या धड्याचा मुख्य भाग. बऱ्याच रिमोटमध्ये रेंज टेस्टचा पर्याय असतो. त्यात रिमोटची पॉवर मुद्दाम खूप कमी होते, म्हणजे लांबची परीक्षा जवळच घेता येते. साधारण ३० पावलं हे चालू माप आहे, पण तुमच्या रिमोटच्या पुस्तिकेत दिलेला आकडा धरा. पर्याय नसेल तर मोकळ्या जागेत, जितक्या अंतरावर उडवणार तितकं चालत जा आणि मदतनीसाशी फोनवर बोलत तपासा.

मदतनीस विमान मागून, पंख्यापासून दूर, घट्ट धरेल. आधी मोटर बंद ठेवून सगळे सर्व्हो हलवा. मग अर्ध्या थ्रॉटलवर पुन्हा हलवा, कारण ईएससी आणि मोटरचा त्रास तेव्हाच कळतो. दोन्ही वेळा विमान फिरवायचं: नाक तुमच्याकडे, शेपूट तुमच्याकडे, डावी बाजू, उजवी बाजू, पोट. एखाद्या बाजूला सर्व्हो अडखळला की अँटेनाची जागा बदला आणि पहिल्यापासून तपासा.

प्रत्येक वेळी दोष अँटेनाचाच असतो असं नाही. चार सर्व्हो एकदम हलवल्यावर रिसीव्हरचा दिवा विझून परत लागत असेल तर व्होल्टेज पडतंय. ईएससीमधून रिसीव्हरला मिळणारा सप्लाय आणि बॅटरी बघा.

आता धंद्याचं बोलू

अँटेना आणि फेलसेफला १५ मिनिटं, रेंज टेस्टला १५ मिनिटं आणि दुसरा माणूस. हे काम मी पूर्वी जोडणीत फुकट धरायचो. फुकट धरलेलं काम गर्दीच्या दिवशी सगळ्यात आधी गळतं, हा माझा अनुभव. आता बिलात वेगळी ओळ असते: "अँटेना, फेलसेफ, रेंज टेस्ट: २०० रुपये." ओळ लिहिली की काम करावंच लागतं, कारण गिऱ्हाईक विचारतं, "हे काय आहे?" मग त्यालाच रिमोट देऊन पावलं मोजायला लावतो.

सोबत एक कार्ड देतो. त्यावर तारीख, किती पावलं, कोणत्या बाजूने तपासलं, फेलसेफ चालला की नाही आणि दोघांच्या सह्या. आतला फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर जातो. उद्या विमान पडलंच तर वाद तोंडी राहत नाही. आपली चूक असेल तर तीही फोटोत दिसते, आणि ती मान्य करायची तयारी ठेवा.

"दुसरीकडे फुकट करून देतात," असं कुणी म्हणालं तर मी भाव कमी करत नाही. एवढंच सांगतो, "जरूर करा, फक्त तीस पावलं चालून दाखवायला सांगा."

एक मर्यादाही पाळा. फवारणीचे मोठे ड्रोन दुकानात आले तर त्यांची अँटेना उघडू नका. ते मंजूर केलेल्या रचनेचं यंत्र आहे, ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं.

उडवायच्या जागेबद्दल

आपल्याकडे दोन सवयी लावून घ्या. पहिली, उभ्या उसाच्या वर पुरेशी उंची ठेवा. हिरव्या उसात भरपूर पाणी असतं आणि पाणी ही लहर शोषतं. विमान उसाच्या आड गेलं की सिग्नल पडतो. दुसरी, जागा ठरवण्याआधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोन ४०० फुटांपर्यंत असतो, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तो २०० फुटांपर्यंतच. बारामतीकरांनी हे नीट वाचावं, वर शिकाऊ पायलट असतात. भिगवणकडे उजनीच्या काठाला जागा मोकळी दिसते, पण हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगोंचे थवे असतात. तिथे नकोच.

शेवटी

ते झाकण उघडल्यावर मी काकांना फोन केला आणि चूक माझी होती हे सांगितलं. पोराला दुसरं विमान खरेदीच्या भावात दिलं, जोडणीचे पैसे घेतले नाहीत. रेंज टेस्ट त्याच्याच हातून करून घेतली, काका विमान धरून उभे होते. तीस पावलांवरून पोराने रडर हलवलं आणि काकांनी तिकडून हात वर केला.

आजचा गृहपाठ: दुकानातलं किंवा घरातलं एक विमान घ्या, झाकण उघडा आणि फक्त अँटेनाचा फोटो काढा. तो बघून तुम्ही "तपासून दिलंय" म्हणू शकाल का, हे स्वतःला विचारा.

भेटू पुढच्या धड्यात!