तहान आणि वुजू

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण आटले होते. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. मराठवाड्यात पावसाने ओढ दिली की आधी विहिरी रिकाम्या होतात, मग गावे. बीडकडील कुटुंबे तर दरवर्षी ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि अर्धे वर्ष पाचटाच्या कोपीत काढतात. तेथे एका पिंपात पिणे, स्वयंपाक, बैल आणि वुजू हे सारे भागवायचे असते.

हनफी फिकहचा निर्णय याबाबत स्पष्ट आहे. असलेले पाणी वुजूत खर्चल्यास स्वतःवर, सोबत्यावर किंवा जनावरावर तहानेची वेळ येईल अशी रास्त भीती असेल, तर ते पिण्यासाठी राखावे आणि तयम्मुम करावा. जनावरही या यादीत आहे, हे ध्यानात घ्यावे. पाणी डोळ्यांसमोर असले तरी शरीअतच्या लेखी ते नसल्यासारखेच. पाणपोईच्या रांजणातील पाणीही पिण्यासाठी ठेवलेले असते. त्याने वुजू करू नये.

अनेकांना, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना, मातीने केलेली शुद्धी उणी वाटते. ती उणी नाही. सूरह निसा (४:४३) आणि सूरह माइदा (५:६) यांत खुद्द अल्लाहनेच ही सवलत दिली आहे. पुढे पाणी मिळाले तरी अशी अदा केलेली नमाज पुन्हा पढावी लागत नाही.

ज्यांच्याकडे नळ वाहतो, त्यांचा हिशेब मात्र कठीण आहे. हजरत अनस (रजि.) सांगतात की, प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. तिच्या मापाविषयी मतभेद असले तरी ती लिटरभराच्या आसपासच भरते. मस्जिदीच्या नळाखाली एकदा बादली ठेवून आपला वुजू मोजून पाहावा!

गरजेहून अधिक असलेले पाणी वाटसरूला नाकारणाऱ्याविषयी बुखारीतील हदीसमध्ये कठोर इशारा आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली होती. ज्या मस्जिदीच्या बोअरला पाणी टिकते, तेथील विश्वस्तांनी वक्फच्या अटी मुफ्तींना दाखवून पिण्याच्या पाण्याचा एक नळ रस्त्याच्या बाजूस काढण्याचा विचार करावा. त्यावर येणाऱ्याचा धर्म विचारू नये. हदीसमध्ये केवळ ‘वाटसरू’ म्हटले आहे. हा विषय उन्हाळ्यापूर्वीच्या बैठकीतच घ्यावा, कारण मेमध्ये प्लंबरही मिळत नाही.