आवाज म्हणजे पॉवर नव्हे!

थंडरबर्ड 350 ला 'फ्री-फ्लो' सायलेन्सर लावला की गाडी पळते, असं होस्टेलवर सगळेच सांगतात. पण आधी हिशोब बघा. पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. फिल्टर आणि सायलेन्सर मोकळे केले, पण कार्बोरेटरचा मेन जेट तोच ठेवला, तर मिश्रण 'लीन' होतं. मग पन्हाळ्याच्या चढावर इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो. म्हणून तिन्ही एकत्रच ठरवावेत; प्लग फिकट तपकिरी दिसला की जमलं. 2020 ला आलेल्या मीटिअर 350 मध्ये जेटच नाही, तिथे इंधन ईसीयू ठरवतो. शिवाय आवाजाची मर्यादा ओलांडल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार 10,000 रुपयांपर्यंत दंड होतो. मी तरी मूळ सायलेन्सरच ठेवणार, फिल्टर स्वच्छ करणार आणि उरलेल्या पैशात चांगले टायर घेणार. तुम्ही काय करणार?