धुळवड आणि माळकरी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. तेथून गजानन महाराजांची पालखी दर आषाढीला पायी पंढरपूरला जाते. आपल्याकडे वारकरी पुष्कळ. तुळशीची माळ घातली, की मटण-दारू सुटते.

होळीची पुरणपोळी सारेच खातात. धुळवडीला मात्र पुष्कळ घरी मटण शिजते. त्या दिवशी माळकरी भाऊ बहिणीकडे आला, तर काय करावे?

"नुसता रस्सा तरी घे ना, दादा," असे म्हणू नये. रश्श्यानेही नेम मोडतो. त्याचं पिठलं आधीच वेगळ्या भांड्यात करावं. पळीही वेगळी ठेवावी.

भावानेही नाक मुरडू नये. तो उपाशी उठला, तर बहिणीला घास गोड लागत नाही.

आपण सणाला जमतो ते माणसांसाठी. काय खावे, ते ज्याचे त्याने ठरवावे.