मेकाँगवरची नदी-क्रूझ: मार्केट यार्डातून निघून घरी परत येईपर्यंतचा पूर्ण हिशोब

दुबई आणि सिंगापूर पाहून झालेल्या अनेक कुटुंबांना आता वेगळे काही पाहायचे असते. व्हिएतनाम आणि कंबोडियातून मेकाँग नदीवरून जाणारी क्रूझ हा त्यासाठी उत्तम पर्याय आहे. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ज्यांचा गाळा आहे, ज्यांचे आयुष्य आवक आणि भाव यांत गेले आहे, त्यांना तर ही सफर अधिकच आवडेल. कान थो शहराजवळ काय रांग नावाचा घाऊक बाजार पाण्यावर भरतो. भोपळे, अननस, कोबी भरलेल्या मोठ्या नावा पहाटे नदीत उभ्या राहतात. विकायचा माल उंच बांबूला टांगलेला असतो आणि छोट्या होड्यांतले किरकोळ विक्रेते तो लांबूनच पाहून नाव गाठतात. रस्ते झाल्यापासून तिथली नावांची संख्या घटत चालली आहे, त्यामुळे पाहायचे असेल तर फार लांबणीवर टाकू नये. पुढे सा डेकच्या फुलझाडांच्या वाड्या, तान चाऊचे रेशीम आणि चटया विणणारी गावे, नॉम पेन्ह आणि शेवटी अंगकोरची मंदिरे असा हा मार्ग आहे.

पण जाहिरातीत दिसतो तो फक्त जहाजाचा दर. जोडप्याच्या एकूण खर्चात तो साधारण दोन तृतीयांश भरतो आणि उरलेला भाग प्रवासी स्वतः जोडत बसतो. शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली आणि तोलाई वेगळ्या ओळींत दिसतात, तशीच ओळवार मांडणी सहल कंपनीकडून लेखी घ्या. पैसे त्यानंतरच द्या.

पुढील सर्व हिशोब एका जोडप्याचे आहेत. डॉलर ९० रुपये धरला आहे. जहाज, विमान आणि हॉटेलचे आकडे अंदाजी आहेत, ते हंगामाप्रमाणे हलतात.

पर्याय १: पूर्ण सफर, ७ रात्री (हो ची मिन्ह सिटी ते सिएम रीप)

मध्यम दर्जाच्या जहाजावर माणशी सुमारे २,२०० डॉलर धरले आहेत. यात खोली, तिन्ही वेळचे जेवण आणि रोजच्या गावभेटी येतात. अतिशय आलिशान जहाजांचे दर याच्या दुप्पट आणि त्याहूनही वर जातात.

- जहाज, दोघांचे: ३,९६,०००
- जहाजावर ५ टक्के जीएसटी: १९,८००
- मुंबईहून हो ची मिन्ह सिटी आणि परतीला सिएम रीपहून मुंबई, विमान: ९०,०००
- गुलटेकडी ते मुंबई विमानतळ, टॅक्सी जाऊन-येऊन: ९,०००
- दोन्ही देशांचे व्हिसा: ९,९००
- क्रूझच्या आधी व नंतर हॉटेल, ३ रात्री: १५,०००
- अंगकोरचा एक दिवसाचा पास: ६,६६०
- जहाजावरची टिप: १५,१२०
- प्रवास विमा: ४,०००
- शहरांतले जेवण, गाड्या, सिमकार्ड, धुलाई, किरकोळ: २५,०००

एकूण सुमारे ५ लाख ९० हजार रुपये. यावर टीसीएस (आगाऊ कापला जाणारा कर) वेगळा.

पर्याय २: अर्धी सफर, ३ रात्री (कान थो ते नॉम पेन्ह)

नदी, गावे आणि सीमा ओलांडण्याचा अनुभव यातही मिळतो. माणशी ७०० डॉलरचे जहाज धरले तर विमान, व्हिसा, चार रात्रींचे हॉटेल, हो ची मिन्ह सिटीहून कान थोपर्यंतची गाडी आणि बाकीचे सर्व धरून जोडप्याला सुमारे २ लाख ८५ ते २ लाख ९० हजार रुपये लागतात.

पर्याय ३: फक्त त्रिभुज प्रदेश, जहाजावर १ रात्र

हो ची मिन्ह सिटीला जाऊन-येऊन थेट विमान, एक रात्र छोट्या लाकडी जहाजावर आणि चार रात्री हॉटेल. काय रांगचा बाजार यातही पाहता येतो, कंबोडियाचा व्हिसा लागत नाही. जोडप्याला सुमारे दीड लाख. पहिल्यांदाच अशा सफरीला जाणाऱ्यांनी आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी हाच पर्याय निवडावा.

कधी जावे: आपला हंगाम आणि नदीचे पाणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, दरही सर्वांत चढे असतात. द्राक्षाच्या आणि पुढे हापूसच्या गाळ्यांना हे महिने सोयीचे नाहीत. आंब्याचा हंगाम आटोपला की जुलै-ऑगस्टमध्ये क्रूझ कंपन्या सवलती देतात. पाऊस असतो, पण बहुधा दुपारनंतर सरी येतात आणि दिवस वाया जात नाही. फुलबाजारातल्या मंडळींनी गणपती ते दिवाळी सोडून तारखा बघाव्यात.

पाण्याचा मुद्दा हवेपेक्षा महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की टोनले साप नदीचा प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी सिएम रीपजवळच्या टोनले साप सरोवरात शिरते. सरोवर तेव्हा कित्येक पटींनी पसरते. उन्हाळ्यात तेच सरोवर उथळ होते आणि मोठी जहाजे त्यात जाऊ शकत नाहीत. मग प्रवाशांना बसमध्ये बसवून सिएम रीपला नेतात किंवा तिथून आणतात आणि हा रस्ता चार-पाच तासांचा आहे. फेब्रुवारी ते जुलै या काळातल्या तारखा घेत असाल तर थेट विचारा: सरोवर जहाजाने पार होणार की बसने? हो ची मिन्ह सिटीच्या बाजूलाही अनेक जहाजे शहरात न येता बाहेरच्या धक्क्यावर उभी राहतात. तिथपर्यंतची बस दरात आहे का, हेही विचारून घ्या.

व्हिसा आणि कागद

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी. नवा ३६ पानी पासपोर्ट काढायला १,५०० रुपये लागतात, तत्काळसाठी आणखी २,०००.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर आहे. कंबोडियाच्या पर्यटक व्हिसाला ३० डॉलर धरा. इथे एक घोळ हमखास होतो. क्रूझने कंबोडियात गेलात आणि परतीचे विमान पुन्हा हो ची मिन्ह सिटीहून असेल, तर व्हिएतनामात तुमचा दुसरा प्रवेश होतो आणि २५ डॉलरचा व्हिसा चालत नाही. त्यापेक्षा सिएम रीपहून बँकॉक किंवा सिंगापूरला विमान बदलून परत या. व्हिएतनामच्या अर्जात प्रवेशाचे ठिकाणही लिहावे लागते. नदीवरच्या सीमा चौकीवर कोणता व्हिसा चालतो, हे क्रूझ कंपनीकडून ई-मेलवर लिहून घ्या.

थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर २०२५ मध्ये चकमकी झाल्या आणि जमिनीवरची सीमा बंद झाली. त्यामुळे बँकॉकहून गाडीने सिएम रीपला जाण्याचा बेत आखू नका. युद्धजन्य परिस्थितीतले नुकसान बहुतेक विमा पॉलिसींत धरलेले नसते, ती अटही वाचून घ्या.

पैसे कसे भरावेत

रोखीच्या व्यवहाराची सवय असलेल्यांनी हा भाग नीट वाचावा.

- परदेश प्रवासासाठी ५० हजारांहून जास्त रोख भरताना पॅन द्यावा लागतो. एका सहलीपोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास कायद्याने मनाई आहे आणि हप्त्यांत फोडल्याने ती टळत नाही. चेक किंवा बँक ट्रान्स्फरनेच भरा.
- टीसीएस हा आगाऊ कापलेला कर आहे, खर्च नव्हे. विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. घरातल्या ज्या व्यक्तीला आयकर भरावा लागतो, तिच्याच पॅनवर आणि खात्यातून बुकिंग करा. दर वारंवार बदलले आहेत: ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के झाले, एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा १० लाख झाली. बुकिंगच्या दिवशी लागू असलेला दर कोटेशनवर लिहून घ्या.
- सहल पेढीच्या नावावर टाकली तरी कौटुंबिक सहलीवरच्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. त्या आशेवर बजेट वाढवू नका.
- कंबोडियात डॉलर सर्वत्र चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट घेत नाहीत. १ आणि ५ डॉलरच्या स्वच्छ नोटा बरोबर ठेवा. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. बाकीचे फॉरेक्स कार्डावर.

जेवण आणि चढ-उतार

मार्केट यार्डाच्या परिसरात शाकाहारी आणि जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. मेकाँगकाठच्या स्वयंपाकात भाजीतही माशाचा सॉस घालतात. ‘शाकाहारी’ एवढे लिहून भागत नाही. मांस, मासे, माशाचा सॉस, अंडे नको आणि जैन असाल तर कांदा, लसूण, कंदमुळे नकोत, अशी यादी किमान महिनाभर आधी जहाजाला पाठवा आणि त्यांचे होकाराचे उत्तर जपून ठेवा.

नदी शांत असते, समुद्रासारखे पोटात ढवळत नाही. मात्र गावांत बऱ्याच ठिकाणी पक्का धक्का नसतो. फळीवरून उतरून निसरडा काठ चढावा लागतो आणि अनेक जहाजांवर लिफ्ट नसते. गुडघ्याचा त्रास असलेल्या आई-वडिलांसाठी खालच्या मजल्यावरची खोली मागा.

सही करण्यापूर्वी विचारा

- अंगकोरचा पास दरात आहे का? एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ डॉलर पडतो. सिएम रीपचा नवा विमानतळ शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर आहे, तिथली गाडी कोण देणार?
- टिप ऐच्छिक की बिलात धरलेली? माणशी दिवसाला १० ते १५ डॉलर धरण्याची पद्धत आहे.
- एकट्या प्रवाशाला किती जादा? काही तारखांना ही रक्कम माफ असते.
- पाणी कमी झाल्यास किंवा सीमा बंद झाल्यास परतावा किती?
- रद्द केल्यास कोणत्या तारखेला किती टक्के कापणार? दोन-तीन महिने आधीपासूनच मोठी कपात सुरू होते, म्हणून प्रवास विमा बुकिंगच्या दिवशीच घ्या.

कोटेशनवर कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि जहाजाचे नाव असलेच पाहिजे. ‘समान दर्जाचे जहाज’ एवढेच लिहिले असेल तर पैसे भरू नका. कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. सर्व ई-मेल आणि पावत्या जपून ठेवल्या असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणेही सोपे जाते.

आमची शिफारस अशी: दोघांसाठी तीन लाखांपर्यंत तयारी असेल तर तीन रात्रींची सफर घ्या, सहा लाख बाजूला काढता येत असतील तर सात रात्रींची. त्याहून कमी दरात सात रात्री देऊ करणाऱ्याला आधी वरचे पाचही प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.