स्केचपेनवाल्या भाचीसाठी

बारा रंगांचं, धुता येणारं, स्वस्तातलं पाकीट घेतलंस आणि दुकानदारानं "मुलगा कितवीत आहे?" विचारल्यावर लाजलीस म्हणे. लाजायचं कशाला? एक मात्र ध्यानात धर, ही शाई पाण्याची आहे. तिची सगळी खोड आणि सगळी गंमत त्या पाण्यातच आहे.

१. पाकीट फोडल्याफोडल्या चित्राला बसू नकोस. ज्या कागदावर काढणार, त्याच्याच तुकड्यावर बाराही रंगांचे चौकोन भर — टोपणाचा रंग आणि आतला रंग यांचं सहसा पटत नाही.

२. टोपण 'टक्' वाजेपर्यंत दाब, आणि एका वेळी एकच पेन उघडं ठेव — टोपण हरवलं, पेन सरलं. टोपणाला भोक असेल तर ते बुजवू नकोस, एखाद्या लेकरानं गिळलं तरी श्वास चालू राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं.

३. पेनं डब्यात आडवी ठेव — टोक वर करून उभी केलीस की शाई खाली उतरते आणि टोक कोरडं पडतं.

४. वाळलेलं पेन लगेच केरात नको. टोक क्षणभर पाण्यात बुडव. नाहीच जमलं तर मागचं बूच पकडीनं काढून आतल्या कांडीवर दोन-तीन थेंब पाणी सोड — बऱ्याचदा उडालेलं असतं ते पाणी, रंग आतच असतो. पेन फिकं चालेल, पण फिका निळाही आभाळाला लागतोच की!

५. झेरॉक्सचा कागद नको, जाड ड्रॉइंग पेपर घे — ७५ जीएसएमचा कागद दोन हातांत भुसभुशीत होतो, १५०चा तुझे लाड सहन करतो. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठही चालते, फक्त चकचकीत नको. तिथे शाई मुरत नाही, बोटाला लागते.

६. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस — एकदा फिरवलं ते रंगवलं, चारदा फिरवलं ते उकरलं.

७. मोठी जागा सपाट रंगानं भरायचा हट्ट सोड, स्वस्त पेनाचे पट्टे दिसणारच. त्यापेक्षा ठिपके, आडव्या रेघा, छोटे अर्धगोल यांनी भर — मग पट्टा हीच नक्षी होते. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांची चित्रं शोधून बघ. हरीण असो, झाड असो की देव, अंगभर ठिपके आणि बारीक रेघांच्या ओळी. नक्कल करू नकोस, पण एखाद्या पक्ष्याच्या पोटात रेघेची दिशा कुठे वळते ते नीट पाहा. माझ्या मते स्केचपेनाला याहून चांगली शिकवणी नाही.

८. आधी पिवळा, मग केशरी, हिरवा, निळा, आणि काळा सगळ्यात शेवटी — पिवळ्याचं टोक ओल्या निळ्याला लागलं की ते हिरवं होऊन बसतं. लागलंच तर रद्दीवर गिरवत राहा, पुन्हा पिवळं येईस्तोवर.

९. तळहाताखाली कोरा कागद ठेव — घामही पाणीच. आपल्या घरातल्या डावखुऱ्यांनी उजवीकडून सुरुवात करावी, म्हणजे तुझ्या मामानंसुद्धा.

१०. काळी बाह्यरेषा हवी असेल तर साध्या बॉलपेननं काढ — त्याची शाई तेलकट, पाण्याला दाद देत नाही.

११. मेणखडू वापरायचे तर स्केचपेनाचं काम संपल्यावर — मेणावर पेन फिरवलंस की टोक बुजतं.

१२. पाकिटात पांढरा नसतो, म्हणून पांढरं आधीच राखून ठेव — डोळ्यातली चमक कागदाचीच असते.

१३. आता खरी गंमत. स्टीलच्या ताटलीत निळं पेन गिरव, ओल्या ब्रशनं तो रंग उचल आणि कागदावर सोड — झाले जलरंग, वेगळे घ्यायला नकोत. किंवा डोंगराच्या कडेला जाड रेघ मार आणि तिच्या आतल्या बाजूनं ओला ब्रश फिरव. कडेला गडद, आत फिकट, सावली आपोआप पडते. ब्रश ओला हवा, गळका नको. आणि ओल्यात पुन्हा पेन घालू नकोस — ओल्याला घाई चालत नाही.

१४. तीच ताटली पुसून तीत गुलाबी पेन गिरव, त्या रंगात पिवळ्या पेनाचं टोक टेकव आणि पाकळी भर — सुरुवात गुलाबी, शेवट पिवळा, एकाच हातात.

१५. काळ्याचा एक ठिपका टिश्यूपेपरवर देऊन कागदाची कड पाण्यात टेकव — काळा बहुधा तीनचार रंगांच्या मिश्रणातून आलेला असतो, पाणी चढलं की ते वेगळे होतात. तुझ्या पाकिटातला काळा निळसर फुटतो की जांभळट, हे कळलं की सावलीला तो कुठे वापरायचा ते ठरवता येतं.

१६. पावसाळ्यात चित्र लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, आणि वरून फेव्हिकॉलचा हात तर मुळीच नको — दोन्हीकडे ओल आहे. आकाशकंदिलावर स्केचपेन चालवलंस तर तो घरात टांग, बाहेरचं दंव रंग खाली आणतं.

१७. चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नकोस, आवडतं असेल तर आधी फोटो काढून ठेव — उन्हात टांगलं ते उन्हाचं झालं. व्हॅन गॉगसारख्याचंही हेच झालं. १८८८ सालच्या त्याच्या 'बेडरूम'मधल्या भिंती मुळात जांभळट होत्या. त्यातला लाल उडाला, निळा उरला. तुझ्या जांभळ्या पेनाकडून जास्त अपेक्षा ठेवू नकोस.

१८. कपड्याला डाग पडला तर आधी गार पाणी, मग साबण. गरम पाणी आणि इस्त्री डाग जाईपर्यंत लांब — उष्णतेनं रंग धाग्यात पक्का बसतो. पाण्याची शाई असली म्हणजे ती धुऊन जातेच असं नाही, पाकिटावर तसं छापलेलं आहे ना ते बघ.

१९. 'धुता येतं' हा शब्द अंगाला आणि कपड्याला, चुन्याच्या भिंतीला नव्हे — चुना शाई पितो. ऑइल पेंटची भिंत पुसता येते, तरी आधी कोपऱ्यात बघावं.

२०. जाड कागदाचा एक गठ्ठा माझ्या कपाटावर पडून आहे. रविवारी येशील तेव्हा घेऊन जा, आणि ताटली मात्र तुझी तू आण.