वजनातील शिसे

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हा कापसाचा मुलूख. वेचणी झाली की घरोघरी पांढऱ्याशुभ्र कापसाचे ढीग लागतात. अशाच एका घरी आजोबांनी नातवाला जुने कोडे घातले, "एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?"

"लोखंड!" नातू चटकन म्हणाला आणि लगेच जीभ चावून हसला. "नाही आजोबा, दोन्ही सारखेच."

"मग लोखंड जड असते, असे लोक का म्हणतात?"

नातू विचारात पडला.

दोन पदार्थांपैकी जड कोणता, हे ठरवताना त्यांचे आकारमान सारखे घ्यावे लागते. एक घनसेंटिमीटरचा ठोकळा ॲल्युमिनिअमचा असल्यास सुमारे २.७ ग्रॅम भरतो, लोखंडाचा ७.९, तांब्याचा ९, चांदीचा १०.५, शिशाचा ११.३ आणि सोन्याचा १९.३ ग्रॅम. यालाच त्या धातूची घनता म्हणतात. तुकडा लहानमोठा झाला तर वजन बदलते. घनता मात्र तीच राहते.

आजोबांनी घरातील दहा किलोचे वजन उलटे केले. तळाशी करड्या रंगाचा वाटोळा ठिपका होता व त्यावर शिक्का उमटलेला होता.

"हे वजन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे," आजोबा म्हणाले. "ओतताना ते नेमके दहा किलो उतरत नाही. म्हणून त्यात खळगा ठेवतात आणि शिसे घालून वजन बरोबर करतात. शिसे मऊ, म्हणून निरीक्षकाचा शिक्काही त्यावरच मारतात. मी हे गेल्या वर्षीच तपासून आणले आहे."

शिसे विषारी असल्यामुळे त्यांनी नातवाला हात धुवावयास लावले.

दुसऱ्या दिवशी एक व्यापारी आपला काटा व वजने घेऊन कापूस घेण्यास आला. नातवाने त्याचे दहा किलोचे वजन हळूच कलते करून पाहिले. शिशाचा ठिपका चांगलाच मोठा होता. शिक्क्याच्या जागी नुसते ओरखडे होते.

"आजोबा, यावर शिक्का नाही!"

आजोबांनी एका पारड्यात ते वजन आणि दुसऱ्यात आपले वजन ठेवले. व्यापाऱ्याचे पारडे खाली गेले.

बिडाची घनता सुमारे ७.२ असते. खळगा २० घनसेंटिमीटरने वाढवला, तर १४४ ग्रॅम बीड निघते आणि त्या जागी २२६ ग्रॅम शिसे बसते. आकार तोच राहून वजन ८२ ग्रॅमने वाढते. एक क्विंटल मापताना असे वजन दहा वेळा वापरले, तर शेतकऱ्याचा ८२० ग्रॅम कापूस फुकट जातो. म्हणूनच अशी वजने दर दोन वर्षांनी तपासून घेण्याचे बंधन कायद्याने घातले आहे.

व्यापारी खाली मान घालून उभा राहिला. "भाऊ," आजोबा शांतपणे म्हणाले, "महिनाभर उन्हात वाकून वेचलेला कापूस आहे हा. आज तो आमच्या वजनाने मापला जाईल."

नातवाने घरचे वजन दोन्ही हातांनी उचलले आणि पारड्यात ठेवले.

स्वाध्याय
१. वजनातील खळग्यात शिसेच का भरतात?
२. खळगा १० घनसेंटिमीटरने वाढवून शिशाने भरला, तर वजन किती ग्रॅमने वाढेल?
३. तुमच्या गावातील दुकानदाराच्या परवानगीने वजनांवरील शिक्के पाहा व त्यांचे वर्णन लिहा.