मोठा कुत्रा घरी आणण्यापूर्वी

नामदेव महाराजांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकली आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला. महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, हीच त्यांना चिंता! मुक्या जिवावर दया करावी, हे संतांनी आपल्याला शिकवले.

आज शहरात पुष्कळ लोक हौसेने मोठ्या जातीचे पिल्लू आणतात. वर्षभरात ते दांडगे होते. मग हौस सरते आणि कुत्रा रस्त्यावर येतो. काही संस्था अशा कुत्र्यांना आसरा देतात व त्यांच्यासाठी चांगले घर शोधतात. "वावर राखायला असा कुत्रा आणावा का?" असे कोणी विचारले, तर आम्ही म्हणू, जरूर आणा. पण आधी चार गोष्टींचा विचार करा.

पहिली गोष्ट पोटाची. मोठा कुत्रा दहा वर्षांच्या आसपास जगतो. रोज पोटभर अन्न व स्वच्छ पाणी हवे. म्हणून घरच्या बाईला आधी विचारा. भाकरी तिलाच थापावी लागते! कांदा, लसूण व शिजवलेली हाडे कुत्र्याला देऊ नका.

दुसरी गोष्ट जागेची. कुत्र्याला दिवसरात्र साखळीला बांधू नका. त्याला रोज फिरवा. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. उपाशी मरेल अशा जागी जनावर सोडून देणे हाही गुन्हाच. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास बिबट्या फिरतो. तिथे रात्री कुत्रा वावरात बांधला, तर तो बिबट्याच्या तोंडी जाईल. रात्री त्याला घराजवळ बंद जागेत ठेवा.

तिसरी गोष्ट स्वभावाची. या कुत्र्याने एकदा घर गमावले आहे. कदाचित मारही खाल्ला असेल. तो बुजतो. पहिले काही दिवस त्याला निवांत राहू द्या. खाताना व झोपलेला असताना त्याला हात लावू नका. लहान लेकरांना त्याच्याजवळ एकटे सोडू नका. तो लेकरांवर गुरगुरतो का, हे संस्थेत आधीच विचारा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुत्र्याला रेबीजची लस द्या. पुढे दरवर्षी द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. नसबंदीचेही तिथेच विचारा.

पिसाळलेला कुत्रा चावला व रोगाची लक्षणे दिसू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली, तर वाचतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस दिली. मुलगा वाचला. म्हणून कोणताही कुत्रा चावला, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. मंत्रतंत्रात वेळ दवडू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने पुरी घ्या. एकही चुकवू नका.

दया एका दिवसाची असू शकते. सांभाळ मात्र वर्षानुवर्षांचा असतो. तो झेपत असेल, तरच कुत्रा घरी आणा. मग तो तुमच्या दाराशी जिवाभावाने राहील.

सांगा पाहू :
१. कुत्रा आणण्यापूर्वी घरी कोणाला विचारावे? का?
२. कुत्रा चावल्यास सर्वांत आधी काय करावे?
३. तुमच्या गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे? त्याचे नाव वहीत लिहा.